झाकण उघडल्यावर

जुनी मोटारसायकल विकत घ्यायच्या आधी ती तपासून द्यायची, हा माझा व्यवसाय. घेणारा मला पाठवतो, विकणारा समोर उभा असतो आणि मी टॉर्च घेऊन गाडीशेजारी जमिनीवर बसलेला असतो. त्या दिवशी समोर होती 1974 ची डुकाटी 750 सुपर स्पोर्ट. मालकांनी सहा वर्षं खपून ती स्वतःच्या हातांनी नव्याने उभी केली होती, आणि आता गुडघे साथ देईनात म्हणून विकायला काढली होती. या गाडीला सेल्फ स्टार्टर नाही, किकच मारावी लागते.

ही गाडी तपासायची म्हटलं की मी आधीच सावध होतो. 23 एप्रिल 1972 ला इटलीत इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आला आणि ब्रूनो स्पाजारी दुसरा, दोघेही डुकाटीवर. त्या विजयातून जन्मलेलं, रस्त्यावर चालवायचं मॉडेल ते हे. 1974 मध्ये अशा जेमतेम 400 गाड्या निघाल्या. चौकटीच्या हिरवट रंगामुळे जाणकार तिला ‘ग्रीन फ्रेम’ म्हणतात. मूळच्या इतक्या थोड्या असल्यामुळे डुकाटीच्याच साध्या 750 जीटी मॉडेलला फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण) लावून, चौकट हिरवी रंगवून केलेल्या नकला भरपूर आहेत.

पण ही गाडी बघता बघता माझा संशय उतरत गेला. क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरचा, इंजिन नंबर नखाने चाचपला. जुना नंबर घासून नवा ठोकला असेल, तर तिथला धातू आजूबाजूपेक्षा गुळगुळीत लागतो, थोडा खोलगटही. इथे तसं काहीच नव्हतं. फायबरची टाकी मूळची होती. तिच्या बाजूला पेट्रोल किती उरलंय ते दिसावं म्हणून रंग न दिलेली एक उभी पट्टी असते. ती वयामुळे पिवळसर झाली होती, आणि मागून उजेड आला की आतल्या पेट्रोलची रेघ स्पष्ट दिसत होती. मालकांनी प्रत्येक टप्प्याचे फोटो एका जाड वहीत चिकटवले होते. रंग खरवडण्यापूर्वीच्या एका फोटोत सीटखाली, कुणाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात, जुना हिरवा रंग शिल्लक दिसत होता. सगळ्या मालकांनी अशी वही ठेवली, तर माझं निम्मं काम कमी होईल.

मग त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन लागलं. आवाज छान, घट्ट. पण थ्रॉटल जरा उघडला की गाडी अडखळायची, खोकायची. 40 मिलिमीटर तोंडाचे मोठे डेलॉर्टो कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) कमी वेगाला थोडे कुरकुरतातच, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता. तरी खोकण्याची जात मला वेगळी वाटली. इंजिन थंड झाल्यावर मागचा कार्ब्युरेटर काढायची परवानगी मागितली. टॉर्च धरला तर हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागाकडे, जाणारी वाट एकदम अरुंद झालेली. 40 च्या तोंडापुढे लहान भोक.

“वरचं झाकण उघडू का?” मी विचारलं.

“उघडा की,” ते म्हणाले. “आत काय ते मला ठाऊक आहे.”

साध्या इंजिनात कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. डुकाटीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी बंद करायचं कामही कॅमकडेच दिलं. एका व्हॉल्व्हला दोन रॉकर (कॅमने हलणाऱ्या छोट्या तरफा), एक उघडणारा आणि एक मिटवणारा. हीच डेस्मो रचना, आणि सुपर स्पोर्टची खरी ओळख तीच. झाकण निघालं. आत व्हॉल्व्हवर जाड स्प्रिंग बसलेली होती. मिटवणारा रॉकर नव्हताच. हेड जीटीचं होतं. पुढच्या सिलिंडरचं झाकण काढलं, तिथेही तेच.

मी काही न बोलता त्यांची वही उघडली. अकराव्या पानावर दोन्ही हेड टेबलावर ठेवलेली, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग शेजारी ओळीने मांडलेल्या. पुरावा इतकी वर्षं त्यांच्याच वहीत होता. त्यांनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. विकत घेतली तेव्हाच हेड अशी होती, म्हणाले, मला फरक कळला नाही. त्यांच्यावर मला क्षणभरही शंका आली नाही. फसवायचं असतं, तर तो फोटो त्यांनी चिकटवला नसता. कधीतरी कुणाचं तरी डेस्मो हेड फुटलं असेल, सुटे भाग मिळाले नसतील, आणि जे हाती आलं ते बसवलं असेल.

अहवालात मी ‘नकली’ हा शब्द लिहिला नाही, ‘अस्सल’ही नाही. चौकट मूळ, क्रँककेस मूळ, टाकी मूळ, दोन्ही हेड जीटीची, असं एकेका भागापुढे लिहिलं आणि मजकूर त्यांना वाचून दाखवला. क्रँककेसच्या आतले कनेक्टिंग रॉड पाहिलेले नाहीत, हेही त्यात नमूद केलं.

त्यांनी विक्रीसाठी तयार केलेला कागद आतून आणला. ‘संपूर्ण मूळ इंजिन’ या ओळीवर पेनाने रेघ मारली आणि तिच्याखाली हेडबद्दलची माझी ओळ स्वतःच्या अक्षरात उतरवली. मग माझ्या हातातून पाना घेतला, झाकणाची कड फडक्याने पुसली, आणि एकेक स्क्रू आधी हाताने फिरवून, मग आलटून पालटून समोरासमोरचे आवळत झाकण बसवायला लागले. मी टॉर्च धरून उभा राहिलो.