पातेल्याच्या मापाचा फ्रिज

चैत्र संपता संपता आमच्या फ्रिजने शेवटचा आचका दिला. आचके तो बरीच वर्षे देतच होता. कॉम्प्रेसर बंद होताना असा हादरायचा की वर ठेवलेल्या डब्यांची झाकणे वाजत आणि रात्री नवा पाहुणा असला तर दचकून उठून बसे. एकोणीस वर्षांचा, एका दाराचा, मरून रंगाचा तो फ्रिज दुरुस्तीवाल्याने पाठीमागून पाहिला, हात लावून पाहिला आणि "ताई, आता यात पैसे घालू नका," असे सांगून तो चहाही न घेता गेला. पुण्यात तेव्हा पारा चाळिशीपाशी होता, घरात दोन लिटर दूध होते आणि आठवड्याची साय जमलेली होती. दूध शेजारी गेले, सायीचे लोणी दोन दिवस आधीच काढले आणि घरात फ्रिजचा विषय सुरू झाला.

फ्रिजला शीतकपाट असा एक मराठी शब्द आहे. तो कोणी बोलत नाही, मीही बोलत नाही, पण या निमित्ताने तो मला फार पटला. फ्रिज म्हटले की डोळ्यांपुढे येते ते यंत्र: किती लिटर, किती तारे, किती वर्षांची हमी. कपाट म्हटले की येतात ते कप्पे, आणि कप्प्यांबरोबर येतो तो खरा प्रश्न, की काय कुठे ठेवायचे आणि त्यासाठी किती वेळा वाकायचे.

हा वाकण्याचा मुद्दा माझा नव्हे, सासूबाईंचा. जुना फ्रिज अजून चालू होता तेव्हाच एका रविवारी त्यांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला सुरुवात केली होती. फ्रिज उघडला की एक रेघ, बर्फाचा कप्पा उघडला की एक फुली. रात्री हिशेब झाला तेव्हा रेघा एकेचाळीस होत्या आणि फुल्या तीन, त्यातल्या दोन नातवाने बर्फ खाण्यासाठी मिळवलेल्या. "आता मला सांग," त्या म्हणाल्या, "ज्याला दिवसातून तीनदा हात लावायचा, ते डोळ्यांसमोर आणि कोथिंबीर-मिरची पायाशी. हे कोणी ठरवले? ज्याने कधी स्वयंपाक केला नाही त्यानेच."

त्यांचा संशय रास्त असला, तरी मूळ कारण निराळे आहे. एका दाराच्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा हेच थंडावा निर्माण करणारे अंग असते. गॅस फिरतो तो त्याच्याच भिंतींमधून. थंड हवा जड म्हणून खाली उतरते, खालची कोमट हवा वर येते आणि पंख्यावाचून सगळे कपाट गार होते. तेव्हा बर्फ वर असणे ही गरज होती, आणि भाजीचा ट्रे तळाशी असणेही, कारण भाजीला फार गारठा सोसत नाही. गोदरेजने १९५८ मध्ये देशी फ्रिज बनवायला घेतला, तेव्हापासून आपल्या आईआजीच्या पिढीने फ्रिज पाहिला तो याच रचनेचा. पुढे फ्रॉस्ट फ्री प्रकार आला. त्यात थंड करणारी वेटोळी भिंतीआड लपवलेली असतात आणि पंखा ती हवा हवी तिकडे ढकलतो. मग फ्रीझर वर असला काय, खाली असला काय, पंख्याला सारखेच. तरीही दोन दारांच्या बहुतेक फ्रिजमध्ये तो वरच राहिला. कारण उरले नाही, पण सवय उरली. देवघरातल्या घंटेची जागा बदलायला कोणी धजत नाही, तसेच काहीसे.

जुन्या प्रकाराची बाजू मी थोडी घेणार आहे, कारण तो आता अगदीच टाकाऊ ठरवला जातो. त्यात पंख्याचा वारा नसल्याने ओलावा टिकतो. मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी पंच्यात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर तरतरीत राहते. फ्रॉस्ट फ्रीमधली हवा कोरडी. उघडी राहिलेली पोळी दुसऱ्या दिवशी फोडणीच्या पोळीसाठीसुद्धा मऊ उरत नाही, पापडाशी नाते सांगते. शिवाय काही एका दाराच्या फ्रिजांना खाली एक साधा, गार न होणारा ड्रॉवर असतो, कांदे-बटाट्यांसाठी. ज्याने तो काढला, त्याला आपल्या घरांची खरी माहिती होती, कारण बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते आणि मग काचऱ्या गोडसर लागतात.

मात्र त्याचा बर्फ. पंधरा दिवसांनी फ्रिज बंद करायचा, खाली टॉवेल आणि परात मांडायची आणि बर्फाचा डोंगर वितळण्याची वाट पाहायची. धीर सुटला की हातात उलथणे येते. माझ्या मावशीने एकदा असाच तो डोंगर उलथण्याने फोडला, बर्फाबरोबर कप्प्याची भिंतही फोडली, सुस्स् असा आवाज होऊन गॅस निघून गेला आणि त्या वर्षीची दिवाळी फ्रिजवाचून झाली. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हेच काम एक छोटा हीटर अधूनमधून आपणहून करतो. वितळलेले पाणी नळीने कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत उतरते आणि त्याच्या उष्णतेने वाळून जाते. या एका गोष्टीसाठी मी कोथिंबीर डब्यात ठेवायला तयार झाले.

तेवढे ठरल्यावर मी, हे आणि दुधाचे पातेले असे तिघे जण कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो.

पातेल्याचा खुलासा करायला हवा. दोन लिटर दूध उतू न जाता तापावे म्हणून ते मोठे घेतलेले आहे. काठाशी साडेनऊ इंच, उंची पावणेसहा. सकाळी पिशव्या फोडून दूध तापते, निवते आणि पातेल्यासकट फ्रिजमध्ये जाते, कारण साय धरायची तर दूध हलवायचे नसते. म्हणजे आमच्या फ्रिजचा खरा मालक ते पातेले. बाकी सगळे पोटभाडेकरू. सायीचे भांडे, विरजणाचा सट, भिजवलेली मटकी, कणकेचा गोळा, इडलीचे पीठ, कालची आमटी. दुकानातल्या छापील पुस्तकात मात्र प्रत्येक फ्रिज उघडा दाखवलेला होता आणि आत होते ते ब्रोकोली, तीन रंगांच्या सरबतांच्या बाटल्या, एक अख्खा केक आणि ओळीने मांडलेली अंडी. एकाही चित्रात एकही पातेले नव्हते. तो तीनशे लिटरचा आकडा ब्रोकोलीचा असतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. लिटर म्हणजे नुसते घनफळ. त्यात आडवे काय मावते आणि उभे काय, हे त्यातून कळत नाही.

विक्रेता मुलगा शहाणा होता. पिशवीतून पातेले निघाले तेव्हा तो हसला नाही, हे आम्हांला लिहून ठेवण्याजोगे वाटते. आधी त्याने आम्हांला नेमाप्रमाणे ‘साइड बाय साइड’पुढे उभे केले: दोन उभी दारे, डावीकडे फ्रीझर, उजवीकडे फ्रिज, दारात पाण्याचा नळ. दिसायला तो एखाद्या बँकेच्या तिजोरीसारखा भव्य. पण रुंदी साधारण तीन फूट, आणि आमच्या ओट्याच्या टोकाला बिल्डरने फ्रिजसाठी ठेवलेली जागा अठ्ठावीस इंच, त्यातही पाठीमागे आणि बाजूंना हवा खेळायला थोडी मोकळीक हवीच. शिवाय एवढा रुंद असूनही उभा दुभागल्यामुळे त्याचा प्रत्येक भाग अरुंद. पातेले कसेबसे गेले, श्रीखंडाचे मोठे भांडे गेले नसते. दारातल्या नळाचे म्हणाल तर वैशाखात आमच्या घरी सासूबाई आणि वाळा घातलेला माठ यांच्यात तिसऱ्याला जागा नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ झिरपून असा काही गार होतो की मुंबईच्या दमट हवेतल्या नातेवाइकांना ते खरे वाटत नाही.

मग वर फ्रीझरवाले दोन दारांचे झाले. तिथे एक गोष्ट कळली, जी कोणत्याही पुस्तकात ठळक छापत नाहीत. फ्रिज भिंतीला लागून असेल तर दार काटकोनापुरतेच उघडते, आणि कित्येक फ्रिजांमध्ये भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला दार त्याहून अधिक उघडावे लागते. आमची भिंत उजवीकडे, बिजागरीही उजवीकडे. मी त्या मुलाला दार काटकोनात धरून उभे केले आणि ड्रॉवर ओढला. तीनांपैकी दोन फ्रिजांमध्ये तो दाराच्या फळीला अडकला. यांनी तेवढ्यात टेप काढून सगळ्याची मापे घेतली आणि बिलाच्या मागे लिहिली. यांना मोजायला काहीही आवडते.

कप्पे काचेचे असावेत की तारेचे, यावर आमच्यात मतभेद नव्हता. तारेतून हवा चांगली खेळते हे खरे, पण तारेवर वाटी तिरकी होते आणि आमटी खालच्या दह्यात उतरते. काच सांडलेले निदान त्याच मजल्यावर ठेवते. पण काचेचा कप्पा किती टप्प्यांवर वर-खाली सरकतो, हे मोजून घ्यावे. एका फ्रिजला फक्त दोनच खाचा होत्या, म्हणजे एकतर पातेले बसेल किंवा त्याच्या वरचा कप्पा नुसता चपटे डबे ठेवण्यापुरता उरेल.

ताऱ्यांविषयी थोडेसे. ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ या सरकारी संस्थेची, फ्रिज वीज किती जपून वापरतो ते ताऱ्यांनी सांगणारी ही पट्टी २००६ पासून आहे आणि ती फारच उपयोगी आहे, पण तारे फ्रिजचा आकार लक्षात घेऊन दिलेले असतात. त्यामुळे पाच ताऱ्यांचा थोरला फ्रिज तीन ताऱ्यांच्या धाकट्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. ताऱ्यांखाली वर्षाचे युनिट छापलेले असतात, बिल येते ते त्यांचे. निकषही काही वर्षांनी कडक होतात, म्हणून पट्टीवरचे सालही वाचावे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र मी लगेच होकार दिला. जुना कॉम्प्रेसर पूर्ण जोराने धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. हा गरजेप्रमाणे संथ चालत राहतो आणि झाकणे वाजत नाहीत. दार उघडे राहिले की वाजणारी सूचनाही हवी होती, कारण घरात एक दहा वर्षांचा मुलगा फ्रिजपुढे उभा राहून विचार करतो. आत काय आहे ते मोबाइलवर दाखवणाऱ्या फ्रिजची चौकशी आम्ही केली नाही. आमच्या फ्रिजमध्ये काय आहे ते सासूबाईंना झोपेतही सांगता येते.

शेवटी जो पसंत पडला, तो तळाला फ्रीझर असलेला. या प्रकारात निवड कमी होती आणि त्याच लिटरांसाठी पैसे थोडे जास्त. पण भाजीचा ड्रॉवर पायाशी न राहता मांडीच्या उंचीवर आला, पातेल्याचा कप्पा बरोबर कमरेच्या वर, आणि सासूबाईंच्या इन्सुलिनला दाराच्या सततच्या उघडझापीपासून दूर, मधल्या फळीवर जागा मिळाली. त्याला दोन ते आठ अंश सेल्सिअस लागते आणि ते गोठून चालत नाही. फ्रीझरसाठी वाकायचे ते सोललेले मटार, खवलेला नारळ आणि आमरसाचे डबे काढायला. त्यासाठी ज्याला आमरस हवा त्याने वाकावे, असा सासूबाईंचा निवाडा आहे.

विक्रेत्याने सहज सांगितले की असे कितीतरी फ्रिज रांजणगावात तयार होतात, नगर रस्त्याने पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने तिथे आहेत हे मला माहीत होते, महागणपतीला जाताना पाट्या दिसतात. पण ज्या गावाच्या नावातच रांजण आहे तिथे फ्रिज व्हावेत, हे त्याने सांगेपर्यंत कधी जाणवले नव्हते. सासूबाईंना घरी येऊन सांगितले तर म्हणाल्या, "मग बरोबरच आहे की."

गुरुवारी फ्रिज आला, जिन्याच्या वळणावर दोनदा अडला आणि जागेवर उभा राहिला. आणणाऱ्यांनी काही तास तसाच राहू द्यायला सांगितले होते, म्हणून आम्ही त्याच्याभोवती चहा पीत बसलो. संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः दुधाचे पातेले उचलले, कमरेच्या उंचीवरून सरळ आत सरकवले आणि ते अडले. पातेले मोजले होते, कप्पा मोजला होता. झाकणाची मूठ कोणी मोजली नव्हती. यांनी टेप काढला. सासूबाईंनी तोवर झाकण काढून पातेल्यावर जेवणाची एक थाळी पालथी घातली, पातेले आत ढकलले आणि थाळीवर उरलेल्या बोटभर जागेत मिरच्यांचा चपटा डबा सरकवून दार लावले.