पांढऱ्या शर्टाचे सोवळे

पांढरा शर्ट घ्यायला फारसा विचार लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. मात्र दुकानदाराने चार पांढरे शर्ट शेजारीशेजारी मांडले की एक निळसर, एक दुधाळ, एक पिवळट निघतो आणि चौथा नुसता झगझगतो. ही झगझग बहुधा रसायनांची असते. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून शर्ट दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावा आणि कापडाचा एक पदर तळहातावर धरावा. हातावरच्या रेषा दिसल्या, तर बनियनही दिसणारच. (त्यातही पांढरी बनियन अधिक उठून दिसते, कातडीच्या रंगाशी जुळणारी किंवा करडी लपून जाते, हे सांगूनही कोणाला पटत नाही.)

या परीक्षेला चांगले पॉपलिन उतरते. वीण साधीच, पण उभे धागे बारीक आणि दाट. आपल्याकडे पॉपलिन म्हटले की इचलकरंजी आठवते, जिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाचे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले. लिननबद्दल मला आदर आहे, पण रिक्षातून उतरेपर्यंत ते चुरगळते.

शर्ट अंगात चढला की माणूस सोवळ्यात असल्यासारखा वावरू लागतो. लोकलच्या दाराला टेकत नाही, मिसळ समोर आली की खुर्ची मागे सरकवतो आणि नेमका वरणाचा थेंब खिशाखाली पडतो. हळदीच्या या डागाला साबण लावताच तो लालभडक होतो आणि घरात हलकल्लोळ माजतो. घाबरण्याचे कारण नसते. साबणातल्या अल्कलीने हळद रंग बदलते, एवढेच. शर्ट स्वच्छ खळबळून कडक उन्हात वाळत घातला की राहिलेला पिवळेपणा ऊन हळूहळू खाऊन टाकते.

काखेतल्या पिवळ्या डागांना मात्र ऊन पुरत नाही. घाम आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून ते धरतात आणि त्यांवर क्लोरीनचे ब्लीच ओतले तर बऱ्याचदा अधिकच पिवळे पडतात. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा, थोडा वेळ ठेवावा, मऊ ब्रशने घासावे. नीळ मळ काढत नाही, नुसता पिवळेपणा झाकते. तरीही बादलीत आधी नीट विरघळवलेल्या निळीतून निघालेल्या शर्टाला जो तजेला येतो, तो मला अजूनही महागड्या पावडरींत सापडलेला नाही.

इस्त्री कापड किंचित दमट असतानाच करावी आणि कॉलर टोकांकडून मध्याकडे दाबत न्यावी, म्हणजे टोकाशी चुणी पडत नाही. खळ हौसेने द्यावी, पण खळ दिलेला शर्ट महिनोन्महिने कपाटात ठेवू नये, कारण कसरीला स्टार्च फार आवडतो.

इतके करूनही कॉलर घडीवर विरतेच. पूर्वी शिंपी ती उसवून उलटी शिवून देत आणि शर्टाला आणखी काही वर्षे मिळत. आता हे काम करणारा शिंपी शोधावा लागतो. सापडला की तो आधी शर्टाकडे, मग आपल्याकडे पाहतो आणि ‘नवाच घ्या की’ म्हणतो. आग्रह धरावा.