आधी घर आलं, मग फोन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला हाच प्रश्न आला. मी पंचवीस वर्षं गृहकर्जाच्या फायली बघते, हे ओळखीच्यांना माहीत आहे. "आताच्या पोरांना ऐंशी हजारांचा फोन परवडतो, मग घर का नाही परवडत? आम्ही नाही का पोटाला चिमटा काढून घेतलं?" विचारणाऱ्यांनी खरोखरच पोटाला चिमटा काढलेला असतो. म्हणूनच मला उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आमच्या घरापासून सुरुवात करते. वडील एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. १९७४ साली त्यांना विक्रोळीच्या कन्नमवार नगरात हाउसिंग बोर्डाची खोली मिळाली. तेव्हा मी तीन वर्षांची होते. खोली लहान होती, पण आपली होती. टीव्ही आला १९८४ मध्ये, ब्लॅक अँड व्हाइट, वडिलांचे जवळजवळ तीन पगार मोजून. फोनसाठी १९८५ मध्ये नाव नोंदवलं आणि तो वाजला १९९३ मध्ये. मधली आठ वर्षं आम्ही नातेवाइकांना खालच्या मजल्यावरच्या काकूंचा पीपी नंबर देत होतो. कोणाचा फोन आला की काकू जिन्यातून हाक मारायच्या आणि आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावायची.

म्हणजे आमच्याकडे घर आधी आलं आणि फोन एकोणीस वर्षांनी. माझ्या वयाच्या माणसांच्या मनात वस्तूंची उतरंड या क्रमाने लागली आहे. घर ही गरज, टीव्ही ही चैन, फोन ही तर मोठ्या लोकांची गोष्ट. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. आमच्या साहेबांनी कोणी फोन केला तर आधी नंबर बघून कट करावा आणि टेबलावरच्या फोनवरून उलट लावावा, हे मी स्वतः बघितलंय. त्यामुळे आज पंचवीस वर्षांच्या मुलाच्या हातात चांगला फोन दिसला की आपल्याला तो जुन्या उतरंडीवरून श्रीमंत वाटतो. पण उतरंड कधीच उलटी झाली. कारखान्यात लाखोंनी बनणारी वस्तू वर्षागणिक स्वस्त होते. मुंबईची जमीन कुठल्या कारखान्यात बनत नाही. वडिलांच्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहे, आणि त्या टॉवरमधल्या घराचा हप्ता तिथेच काम केलेल्या कुठल्याच फिटरच्या मुलाला झेपणारा नाही.

आता हिशेब. मी हा ऑफिसात रोज मांडते. मुंबईच्या हद्दीत एक कोटीचं घर धरा. तेवढ्यात फार तर वन बीएचके मिळतो, तोही स्टेशनपासून रिक्षाने जायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के. म्हणजे इथे ७५ लाख कर्ज आणि २५ लाख स्वतःचे. स्टॅम्प ड्युटी मुंबईत ६ टक्के, म्हणजे ६ लाख. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी ५ लाख. ड्युटी आणि रजिस्ट्रेशन कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. सगळी मिळून ३६ लाख ३० हजारांची रोख तयारी हवी. चावी हातात यायच्या आधी.

ऐंशी हजारांचे किती फोन झाले हे? पंचेचाळीस. दर तीन वर्षांनी एक फोन न घेता ते पैसे बाजूला टाकले, तर ही रक्कम जमायला एकशे पस्तीस वर्षं लागतील. त्यापुढे साडेआठ टक्के व्याज धरलं तर वीस वर्षांसाठी महिन्याला ६५ हजारांचा हप्ता, आणि तो मंजूर व्हायला हातात येणारा पगार साधारण दुप्पट. हे आकडे समोर ठेवल्यावर फोनवरून मुलांना बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

फोनचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी चेंबूरचं एक जोडपं आलं होतं. ती नर्स, तो कुरिअर कंपनीत. सासूबाई सोबत होत्या. दोघांचे फोन बिनव्याजी हप्त्यावर, मिळून महिन्याला २,८०० रुपये. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, फोन कशाला हवा होता?" मी सांगितलं ते असं: चालू हप्ता आम्ही पगारातून वजा करतो, त्यामुळे २,८०० रुपयांपायी कर्ज तीन लाखांनी कमी बसतं. हप्ता बिनव्याजी असला तरी तो कर्जच असतो आणि चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो. तेव्हा घरासाठी अर्ज करायच्या सहा महिने आधी असले हप्ते फेडून टाका. सुनेने मान डोलावली. मग मी सासूबाईंना कागद दाखवला. त्यांची फाइल अडली होती ती अठरा लाखांच्या स्वतःच्या भागापाशी. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, एवढे तर आमच्या गावच्या जमिनीचेही येणार नाहीत गं." 'मॅडम'वरून त्या 'ताई'वर आल्या हे मला तेव्हा जाणवलं नाही, संध्याकाळी लोकलमध्ये आठवलं. ती फाइल परत गेली.

आणि फोन घ्यायचाच नाही, तर म्हाडाचा अर्ज कशावर भरायचा? तो ऑनलाइनच भरावा लागतो. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले होते. त्या नर्सच्या ड्युटीचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येतं, भाजीवाल्याला पैसे यूपीआयने जातात. पीपी नंबर द्यायला आता कोणी काकू उरलेल्या नाहीत.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं आणि मुंबईसारख्या शहरात ६० चौरस मीटरपर्यंतचं, ही जीएसटीसाठीची व्याख्या २०१९ मध्ये ठरली. अशा घराला एकच टक्का जीएसटी आहे. पण मुंबईत एवढ्या किमतीत एवढं नवं घर माझ्या टेबलावर आलेलं मला एकदाही आठवत नाही. सवलत आहे, ती घेता येईल असं घर नाही. करोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, स्टॅम्प ड्युटी ५ टक्क्यांवरून २ वर आणली होती; तेव्हा आम्ही रात्री आठ-आठपर्यंत फायली उरकत होतो, इतकी घरं घेतली लोकांनी. पहिल्या घरासाठी तेवढी सूट कायमची का देत नाहीत? आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला; त्याबरोबर गृहकर्जाचं व्याज वाढलं, तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. वीस वर्षांचं कर्ज घेतलेल्यांना निवृत्तीनंतरही हप्ते दिसायला लागले. त्यातले काही माझ्यासमोर बसून रडलेत. त्यांच्यातल्या कोणीही फोनवर उधळपट्टी केलेली नव्हती.

माझा मुलगा अंधेरीला भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी घरमालक भाडं वाढवतो नाहीतर घर बदलायला लावतो, आणि प्रत्येक वेळी ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. चार वर्षांत तीन घरं झाली. त्याच्याकडे टीव्ही मोठा आहे, माझ्या वडिलांनी कल्पनाही केली नसती एवढा, आणि तो त्याने महिन्याच्या पगाराच्या निम्म्यात घेतला. पुस्तकांचं कपाट मात्र नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी करारात अट आहे.

गेल्या दिवाळीत तो विक्रोळीला आला तेव्हा टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन आला, आतल्या थर्माकोलसकट. त्याच्या भाड्याच्या घरात ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, टाकून दे की. तर म्हणाला, "नको गं आई, जूनमध्ये परत लागेल." आम्ही दोघांनी मिळून ते माळ्यावर चढवलं. आमच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं खोकं कुठे गेलं ते मला माहीत नाही. ते जपून ठेवायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.