खाडीतले पक्षी कमी झाले का? माझा हिशेबाचा अनुभव

‘खाडीतले पक्षी कमी झाले का हो?’ ऐरोलीत राहून पक्षी बघणाऱ्याला हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही गाठतो. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तेव्हापासून तर जास्तच. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाने यावर एक टिपण लिहायचं ठरवलं. जुन्या नोंदींच्या वह्या होत्या आणि माझी नोकरी आकडेमोडीची, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

वह्यांतल्या काही पानांवर वेळ, जागा, दिसलेला प्रत्येक पक्षी अशी सगळी नोंद होती. काही पानांवर नुसतंच ‘रोहित भरपूर’. ही दुसऱ्या जातीची पानं मी बाजूला ठेवली. एखादा पक्षी यादीत नाही याला काही अर्थ यायचा असेल, तर यादी पूर्ण हवी. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यातही शंभर पूर्ण याद्यांपैकी कितींमध्ये तो पक्षी आहे, हेच मोजलंय. शिवाय यादी लांब असली की प्रयत्नही जास्त झाला असं धरून तो फरक वजा केलाय. ही युक्ती मी सरळ उचलली.

खरी गंमत भरती-ओहोटीची. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी इतके लांब पसरतात की दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की तेच पक्षी काठाकडे सरकतात. म्हणजे एकाच आठवड्यातले दोन आकडे दुपटीने वेगळे येऊ शकतात आणि त्यात पक्ष्यांचा काही संबंध नसतो! वह्यांत भरती कुणीच लिहिली नव्हती. कोळीवाड्यातले एक काका म्हणाले, “तारीख आहे ना? मग तिथी काढ आणि तिची पाऊणपट कर.” अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती साधारण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून हा हिशेब जमतो. खाडीत आत पाणी पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, तो धरायचा. शेवटी मी छापील भरतीपत्रकं वापरली, पण पडताळा काकांच्या पाऊणपटीनेच घेतला. उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), हाही एक रकाना त्यातूनच मिळाला.

मग आकडेवारीचं मॉडेल. मॅकेन्झी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत मी घेतली. तिचा गाभा एवढाच की ‘दिसला नाही’ आणि ‘नव्हता’ यांची गाठ सोडवायची, आणि त्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं. छोटी तुतारी (चिखलात चरणारा एक चिमुकला पक्षी) जागेवर असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता दहात चार आहे असं समजा. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. तुतारी असलेल्या शंभर जागांपैकी बावीस आपण रिकाम्या लिहून मोकळे. पुढे गटात कुणी चांगला स्कोप (लांबचं दाखवणारी दुर्बीण) घेतला की त्यातल्या काही ‘भरतात’ आणि तुताऱ्या वाढल्याचा भास होतो.

या पद्धतीची एक अट मात्र खाडीत पाळली जात नाही. दोन फेऱ्यांमध्ये त्या जागेची स्थिती बदलू नये, असं गृहीत असतं. इथे भरतीला पक्षी उठून नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या ठिकाणी जाऊन बसतात. मी पाणी चढतानाच्याच फेऱ्या घेतल्या आणि उत्तर ‘पक्षी इथे राहतो’ असं न वाचता ‘पक्षी ही जागा वापरतो’ असं वाचलं. यापलीकडे उपाय मला तरी सापडला नाही.

येऊरच्या जंगलाशी खाडीची तुलना एका आकड्यात करावी, अशी गटातल्या काहींची फार इच्छा होती. मी विरोध केला. समजा दहा जाती आहेत आणि सगळ्या सारख्याच संख्येने. विविधता मोजणाऱ्या शॅननच्या सूत्रावरून ‘सारख्या संख्येच्या किती जातींइतकी विविधता’ हे काढलं, तर त्या दहाच भरतात. पण त्यातली एकच जात नव्वद टक्के असेल आणि उरलेले दहा टक्के बाकीच्या नऊ जणींत वाटले असतील, तर त्याच दहा जाती जेमतेम १.७ भरतात. रोहितांचे थवे उतरले की खाडीची विविधता ‘घसरणार’! येऊरमध्ये तर अर्धी नोंद कानाने होते, तिथे चुकण्याची तऱ्हाच वेगळी. दोन्ही जागांचे आलेख शेजारी शेजारी छापले, बेरीज केली नाही.

उत्तर आलं ते असं. शेकाट्यासारख्या ठळक पक्ष्यात आमच्या मोजणीच्या जागांवर तरी घट दिसली नाही. तुताऱ्यांच्या बाबतीत अंदाजाचा पट्टा इतका रुंद होता की त्यात वाढही बसत होती आणि घटही. तिथे मी ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं. गटातल्या एक ताई वैतागल्या, “अहो, हे वाचून लोकांना काय कळणार?” बराच वाद झाला. वाक्य राहिलं, पण खाली आणखी किती फेऱ्या लागतील, हे ताईंनी माझ्याकडून लिहून घेतलं.

या मोसमाच्या तक्त्यात भरतीची वेळ, दुर्बीण की स्कोप, आणि काहीच न दिसलेल्या फेरीसाठी शून्य, असे रकाने वाढवलेत. शून्य लिहायला मंडळी अजून कुरकुरतात.