दुसऱ्या अंतऱ्याला सगळे गप्प

शनिवार, दुपार

घसा पार बसलाय. काल ऑफिस सुटल्यावर आमची टोळी टोकियोतल्या निशी-कासाईत कराओकेला गेली. अर्धे मराठी, अर्धे जपानी, वयं पंचविशीपासून साठीपर्यंत. अशा मिश्र खोलीत नेहमी होतं तेच झालं. चारदोन हिट गाणी झाली आणि मग सगळे ॲनिमेवर, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या गाण्यांवर आले. अंताक्षरी कुठूनही सुरू झाली तरी फिरून किशोरकुमारवर येते, तसं इथे ॲनिमेच्या शीर्षकगीतांचं आहे.

एक गोष्ट मात्र काल पक्की कळली. ऐकायला भारी असलेलं गाणं आणि कराओकेला भारी असलेलं गाणं ही दोन वेगळी खाती आहेत.

आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने योआसोबी या जपानी जोडगोळीचं ‘आयडॉल’ लावलं. 2023 चं गाणं. बिलबोर्ड जपानच्या यादीत सलग 21 आठवडे पहिल्या नंबरावर होतं, त्यामुळे चाल सगळ्यांच्या कानात बसलेली. मुलगी गायलाही चांगली. पण मधलं रॅप आलं आणि पडद्यावरच्या अक्षरांचा रंग इतक्या वेगाने पुढे सरकला की बिचारीला श्वास घ्यायला जागाच मिळेना. त्यात गाणं मध्येच पट्टी बदलतं, तीही एकदा नाही. शेवटी ती हसत खालीच बसली आणि उरलेलं आम्ही नुसतं ‘हाय! हाय!’ ओरडून पुरं केलं.

यात तिचा दोष नाही. हे गाणं बांधणारा आयासे मूळचा व्होकॅलॉइडवाला, म्हणजे संगणकाच्या आवाजासाठी गाणी करत वर आलेला. ‘चेनसॉ मॅन’चं ‘किक बॅक’ करणारा योनेझू केन्शी तसाच, ‘जुजुत्सु काइसेन’चं पहिलं शीर्षकगीत गाणारा ईव्हही त्याच गोतावळ्यातला. संगणकाला दम लागत नाही. तेव्हा ओळ कुठे तोडायची याची फिकीर करायचं कारणच नव्हतं, आणि ती सवय आता हाडामांसाच्या गायकांच्या गळ्यात येऊन बसलीय. ‘डीमन स्लेयर’चं, गायिका लिसाचं ‘गुरेंगे’ त्या मानाने सरळ आहे, पण चढतं असं की बायकासुद्धा रिमोटवर पट्टी दोन घरं खाली आणतात. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही, हे मला फार आवडतं. आपल्याकडे काळी चारचा माणूस काळी दोनमध्ये गायला तर लगेच कुजबुज सुरू होते.

मग आमच्या टीमचे सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ उठले. त्यांनी ‘तेत्सुवान आतोमु’ लावलं, म्हणजे आपण ज्याला ॲस्ट्रो बॉय म्हणतो त्याचं गाणं. मालिका 1963 ची. शब्द तानिकावा शुनतारो यांचे. जपानचे एवढे मोठे कवी (2024 मध्ये गेले), आणि त्यांनी पोरांच्या कार्टूनसाठी लिहिलं. गाणं लहान मुलांच्या गळ्यात बसावं म्हणून केलेलं, त्यामुळे फार वर नाही, फार खाली नाही, आणि ओळ संपली की श्वास घ्यायला ऐसपैस जागा. ते गात होते आणि आम्हा अर्ध्या जणांना शब्द माहीत नसतानाही दुसऱ्या ओळीपासून आम्ही सोबत होतो.

‘ओदोरु पोम्पोकोरिन’चंही तेच. ‘चिबी मारुको-चान’चं 1990 चं गाणं. अर्थाच्या वाटेला जायचंच नाही, नुसता धांगडधिंगा, खोलीतल्या खुळखुळ्यांना तेवढ्यात काम मिळतं. त्या वर्षीचा पॉप-रॉक विभागाचा जपान रेकॉर्ड अवॉर्ड याच गाण्याला मिळाला होता. परीक्षकांना मानलं पाहिजे.

मधली पिढी मात्र अवघड दुखणं आहे. ‘इव्हँगेलियन’चं ‘झांकोकु ना तेन्शी नो तेझे’ हे 1995 चं गाणं अजून दरवर्षी कराओकेच्या याद्यांत वर असतं. त्यात प्रस्तावना वगैरे नाही, थेट गाणं सुरू. सूर आधी मनात धरून ठेवलेला नसला तर पहिल्याच शब्दाला फजिती. आमच्यातली एक पुण्याला शास्त्रीय शिकलेली आहे, तिने तो बरोब्बर पकडला. मग मात्र तिला राहवलं नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत गेली, मध्ये एक हरकतही टाकली. खोली खूश! यंत्र नाखूश. पडद्यावर सुरांच्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांवर तुमचा आवाज नेमका बसला तर गुण. कंपनाचे गुण मिळतात, खालून सूर उचलण्याचेही मिळतात, पण तिची मींड पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फिरत होती आणि त्या जागेला भाव नाही. तिच्यानंतर सपाट, बिनचूक गाणाऱ्या एका मुलाला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. “अगं, मशीनला काय कळतंय,” म्हणत आम्ही समजूत काढली, पण ती रात्रभर धुमसत होती.

खरी गंमत दुसऱ्या अंतऱ्याला असते. टीव्हीवर शीर्षकगीत वाजतं दीडेक मिनिट, आणि कराओकेला येतं पूर्ण गाणं, चार-चार मिनिटांचं. पहिला अंतरा, ध्रुवपद, सगळे छताला हात लावून गातात. मग वाद्यांचा तुकडा जातो आणि दुसरा अंतरा उगवतो, जो खोलीत कोणी जन्मात ऐकलेला नसतो. काल ‘ड्रॅगन बॉल झी’च्या ‘चा-ला हेड-चा-ला’ला तसंच झालं. शहाणी माणसं यादीतून टीव्हीपुरती छोटी आवृत्ती निवडतात. आम्ही शहाणे नाही.

‘डिजिमॉन’चं ‘बटर-फ्लाय’ तेवढं अपवाद. तिशीतले जपानी मुलगे ते अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ गातात. गायक वादा कोजी 2016 मध्ये कॅन्सरने गेला, तेव्हापासून त्या गाण्याला जरा वेगळा मान आहे. ते लागलं की पुढच्या गाण्यासाठी टॅबलेट चाळणारेही मान वर करतात.

(कराओके यंत्र 1971 मध्ये कोबेत बनवणाऱ्या इनोउए दाइसुकेंनी पेटंट घेतलं नाही. त्यांना 2004 मध्ये शांततेचं इग नोबेल, म्हणजे गमतीचं नोबेल मिळालं, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून. काल माझं गाणं सुरू असताना ते आठवलं.)

वेळ संपत आल्याचा फोन भिंतीवर वाजला तेव्हा यंत्र बंद करून आम्ही मराठी मंडळींनी आपलं राखून ठेवलेलं काढलं: मोगलीचं गाणं. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर लागायची ती ‘जंगल बुक’ मालिका मुळात जपानीच, निप्पॉन ॲनिमेशनची, 1989 ची. पण आपल्याकडे शीर्षकगीत गुलजारांचं आणि संगीत विशाल भारद्वाजचं. म्हणजे मराठी घरांतल्या एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ असलेलं पहिलं ॲनिमे गाणं हिंदीत होतं, आणि ते ॲनिमे आहे हे कोणाच्या गावी नव्हतं. पट्टी कोणीही धरा, चालतं. श्वास कुठेही घ्या. सहा जण वेगवेगळ्या सुरांत सुटलो तरी गाणं मोडलं नाही.

जपानी मंडळी टाळ्या धरून होती. त्यातल्या एकीने ती मालिका लहानपणी पाहिलेली, पण तिला तिकडचं शीर्षकगीत काही केल्या आठवेना. आतोमुवाल्या ज्येष्ठांनी तर पुढच्या महिन्यासाठी शब्द लिहून मागितले. आत्ताच जेवण झाल्यावर कटाकाना या जपानी लिपीत उतरवून पाठवले, ‘चड्डी पहन के फूल खिला है’मधल्या ‘चड्डी’चा खुलासाही जोडला. त्यांचं उत्तर लगेच आलं. चड्डीबद्दल अवाक्षर नाही. एवढंच विचारलंय की मूळ गाण्याची पट्टी कोणती.