आयलेट्स बसवले, मग इन्सुलिन पुन्हा का लागतं?

टाइप १ मधुमेहात दात्याच्या स्वादुपिंडातले आयलेट्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके, घातले आणि काही वर्षांत ते मंदावले, की सगळं खापर रिजेक्शनवर, म्हणजे शरीराने परकी ऊती नाकारण्यावर, फुटतं. माझ्या मते ते निम्मंच खरं. गळती पहिल्या तासातच सुरू होते.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये सात रुग्णांवर स्टिरॉइडविना झालेल्या या उपचाराचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पुढे त्याच केंद्रातल्या मोठ्या गटात पाच वर्षांनी इन्सुलिनविना राहिलेले जेमतेम १० टक्के होते.

एन्झाइमने स्वादुपिंड विरघळवून आयलेट्स सुटे करताना त्यांच्या रक्तवाहिन्या तुटतात. मग ते पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडचं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेतून, यकृतात सोडतात. आयलेट्सवर टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठवायला लावणारं प्रथिन असतं, त्यामुळे रक्ताशी गाठ पडताच गुठळी धरू लागते, प्लेटलेट्स चिकटतात, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिनांची फळी जागी होते. म्हणून गुठळी रोखणारं हेपारिन देतात. तरी पहिल्या काही दिवसांत निम्मे किंवा त्याहून जास्त आयलेट्स जाऊ शकतात. उरलेल्यांना नवा रक्तपुरवठा मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर ऑक्सिजन बाहेरून झिरपेल तेवढाच, त्यामुळे मोठ्या आयलेटचा गाभा आधी मरतो. मोजणी मात्र १५० मायक्रॉन व्यासाच्या एककात होते: ३०० मायक्रॉनचा एक आयलेट आकारमानाने आठांच्या बरोबरीचा. कागदावरचा डोस म्हणूनच फसवा असू शकतो.

वाचलेल्या आयलेट्सना रिजेक्शन रोखण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सोसावी लागतात. टॅक्रोलिमस बीटा पेशींना घातक, सिरोलिमस नव्या रक्तवाहिन्यांना आडवं येतं. शिवाय गोळी आतड्यातून शोषली गेली की आधी पोर्टल शिरेतच उतरते, म्हणजे आयलेट्सना बाकी शरीरापेक्षा जास्त मात्रा मिळते.

रोगप्रतिकारशक्तीचा मार दुहेरी असतो: परक्या ऊतीवरचा हल्ला, आणि मूळ आजाराचा, म्हणजे स्वतःच्याच बीटा पेशींवरचा हल्ला, ज्यात त्याची खूण असलेली जीएडीसारखी अँटीबॉडी पुन्हा वाढू शकते. पॅन्क्रियाटायटिसमुळे (स्वादुपिंडाचा दाह) स्वादुपिंड काढून स्वतःचेच आयलेट्स परत घातलेल्यांत हे दोन्ही नसतं. तिथे कमी आयलेट्सही बरेचदा वर्षानुवर्षं चालतात.

संख्या कमी पडली की उरलेल्यांवर ताण येतो. सतत चढलेल्या साखरेने बीटा पेशी आणखी थकतात. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर साखर सुधारली तरी सुरुवातीचे आठवडे इन्सुलिन चालू ठेवून आयलेट्सना विसावा देतात. ते बंद करण्याची घाई मला पटत नाही.

देखरेखीसाठी एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीवर, विसंबू नये, ते मागाहून बोलतं. जेवणानंतरची साखर आणि उत्तेजित सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा, जेवण वगैरे देऊन मोजलेला) आधी कळवतात. एडमंटनच्या त्याच गटात पाच वर्षांनी सुमारे ८० टक्के रुग्णांत सी-पेप्टाइड टिकून होतं, आणि थोडंसं असलं तरी साखर अचानक खाली जाण्याचा धोका बराच घटतो. त्यामुळे थोडं इन्सुलिन पुन्हा लागलं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं परस्पर सोडू नयेत. उरलेले आयलेट्स तर जातातच, वर दात्याच्या ऊतीच्या ओळखखुणांविरुद्ध एचएलए अँटीबॉडी तयार झाल्या तर पुढे मूत्रपिंड बसवायची वेळ आल्यास जुळणारा दाता मिळणं अवघड होतं.