रेती शिकवताना

गुजरातेतल्या चांदोदला नदीकाठी ओल्या रेतीवर पाय दाबला की पावलाभोवतीची रेती क्षणभर कोरडी दिसते. घट्ट बसलेले कण एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या फुगण्याला डायलेटन्सी म्हटलं. माझ्या एम.ई.च्या प्रबंधात मशीन लर्निंगला, म्हणजे आकड्यांतून स्वतः नियम शोधणाऱ्या प्रोग्रामला, हेच शिकवायचं होतं: घनता आणि भोवतालचा दाब दिला की रेती किती ताण घेईल, फुगेल की आकसेल.

ओरसंग नदीची रेती आणली, धुतली, चाळली. ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीचा, म्हणजे भोवतालून दाब देऊन वरून दाबायच्या चाचणीचा, नमुना ३८ मिमी व्यासाचा, ७६ मिमी उंच. फनेल उंच धरून रेती सोडली तर ती घट्ट बसते, खाली धरली तर सैल. माझे सुरुवातीचे नमुने हात थरथरल्याने वाया गेले. लॅबमधले काका म्हणाले, "बेटा, श्वास कशाला कोंडतेस? निवांत ओत." तसं केलं आणि जमलं. घट्ट नमुना दाबताना त्याला जोडलेल्या ब्युरेटमधलं, म्हणजे खुणांच्या काचनळीतलं, पाणी खाली उतरू लागलं तेव्हा चांदोदचं ते पाऊलच आठवलं.

प्रत्येक चाचणीच्या आकड्यांच्या शेकडो ओळी. रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णय-वृक्षांची सरासरी घेणारं मॉडेल, चालवलं. अंदाज किती जुळतो ते सांगणारा आर-स्क्वेअर ०.९९, जवळजवळ पूर्ण १! वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी त्या रात्री आईला उठवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "पारखायच्या ओळी कशा निवडल्यास?"

सरमिसळ करून. म्हणजे एकाच नमुन्याची ३.० टक्के स्ट्रेनची (उंची किती टक्के दबली त्याची) ओळ शिकवायला आणि ३.१ ची पारखायला. मॉडेल नुसत्या मधल्या फटी भरत होतं. अख्खे नमुने बाजूला ठेवून पुन्हा पारखलं आणि आकडा धाडकन खाली आला. मला फार वाईट वाटलं, पण खरा आकडा हाच होता.

सर्वांत जास्त चुका फुगण्या-आकसण्यातच होत्या. घट्ट रेतीसुद्धा जास्त दाबाखाली कमी फुगते, त्यामुळे नुसती घनता पुरत नाही. बीन आणि जेफ्रीज यांनी १९८५ मध्ये मांडलेला स्टेट पॅरामीटर, म्हणजे आत्ताचं पोकळी-गुणोत्तर (कणांच्या मानाने पोकळ्या किती) आणि त्याच दाबाच्या क्रिटिकल अवस्थेतलं, म्हणजे फुगणं-आकसणं थांबतं तेव्हाचं, गुणोत्तर यांतला फरक, मॉडेलला दाबाबरोबर दिला. तेव्हा कुठे दिशा बरोबर येऊ लागली.

शिकवलेले दाब ५०, १०० आणि २०० किलोपास्कलचे होते. ४०० ला मॉडेलने २०० च्या आसपासचीच ताकद सांगितली. खरी ताकद जवळपास दुप्पट हवी. रँडम फॉरेस्ट शिकलेल्या आकड्यांपलीकडे जातच नाही. मी पुन्हा रेती चाळायला बसले.